सर्जा, मुक्काम सणसर

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की डाव्या हाताला, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या एका रानात मांडव घातला होता. गुरुवारी संध्याकाळी तिथं पाय ठेवायला जागा उरली नाही. पणदरे, वडगाव निंबाळकर, सणसर, पार इंदापूरपर्यंतची माणसं जीप आणि टेम्पो भरभरून आली होती. कुणाचा मणका, कुणाचा मोतीबिंदू, कुणाच्या पोराची दारू. दुखणं धर्म विचारून येत नाही, त्यामुळे चर्चला जाणारी थोडी घरं सोडली तर बाकी सगळी गर्दी शनिवारी मारुतीला तेल घालणाऱ्यांची होती.

गेटवर पांढऱ्या शर्टातले स्वयंसेवक प्रत्येकाचं नाव आणि गाव वहीत उतरवून घेत होते. कशाला, तर म्हणे आसनव्यवस्थेसाठी. आत आसनव्यवस्था म्हणजे जमिनीवर पसरलेल्या ताडपत्र्या होत्या. मग नावं कशाला लिहून घेतली, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

व्यासपीठावर ब्रदर एझ्रा उभे होते. त्यांचं गाव कुणाला ठाऊक नव्हतं. मराठी पुस्तकी होती, कोट पांढराशुभ्र होता आणि उजव्या कानात ऐकू येण्याचं लहानसं यंत्र होतं. आंधळ्यांना डोळे आणि पांगळ्यांना पाय वाटत फिरणाऱ्या या गृहस्थाचे स्वतःचे कान तेवढे दुरुस्त व्हायचे राहून गेले होते. तेही कुणी मनावर घेतलं नाही.

“थांबा!” ब्रदरांनी हात वर केला. “कुणी हलू नका. आत्मा बोलतो आहे. नाव येतंय... श... श्रे... श्रेया! गावही येतंय. प... ण... पणदरे! श्रेया, पणदरे!”

मांडव चिडीचूप झाला.

“लेकरू अकरा वर्षांचं आहे. रक्तात साखर आहे. अरे, साखर कारखान्यात असावी, लेकराच्या रक्तात कशाला? म्हणा हालेलूया! तिच्या दप्तरात वह्यांच्या मागं काय लपवलंय? सुई! मुली चिडवतात म्हणून ती शाळेच्या संडासात जाऊन टोचून घेते. खरं की खोटं, आई?”

तिसऱ्या रांगेत प्रगती उभी राहिली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. पणदऱ्याची, टोमॅटो-दोडक्याचं रान स्वतः राबून काढणारी बाई. तिच्या पदराला धरून श्रेया उभी होती. एवढ्या माणसांत आपलं गुपित फुटलं म्हणून पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं. लोकांनी तोंडात बोटं घातली. हे तर घरच्यांशिवाय कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं!

“आजपासून सुई बंद!” ब्रदर गरजले. “सुई म्हणजे संशय. पुन्हा धरलीत तर मिळालेली कृपा परत जाईल. पोट दुखलं, उलटी झाली तर घाबरू नका, तो आजार बाहेर पडतोय. आणि कुणी येऊन म्हणालं, सुई द्या, तर ओळखा की सैतान दारात उभा आहे!”

बदमाशाने एका दमात सगळ्या वाटा बुजवल्या. बरं वाटलं तर चमत्कार, बरं नाही वाटलं तरी चमत्कार, आणि शहाणं करायला येईल तो सैतान. प्रगतीने इन्सुलिन टोचायची दोन्ही पेनं व्यासपीठावरच्या काचेच्या पेटीत टाकली. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांत, पाचव्या रांगेत, डोळे पुशीत बसलेली एक बाई होती. तिचं नाव सुप्रिया साळवे.

सुप्रियाबाई सणसरच्या शाळेत शिक्षिका होत्या. राहायला बारामतीत. प्रगती त्यांची जुनी विद्यार्थिनी. त्यांच्या घरी तीन पिढ्यांची ख्रिस्ती श्रद्धा, आणि सात वर्षांपासून त्या ‘दिवठणी’ नावाचा ब्लॉग लिहीत होत्या. दिवठणी म्हणजे दिवा ठेवायची उंच बैठक. दिवा झाकून ठेवू नये, सगळ्यांना दिसेल असा वर ठेवावा, असं वडील सांगत, त्यावरून हे नाव. लिहिणं साधंच असायचं. वर्गातलं एखादं पोर, चर्चमधली दिवाबत्ती, स्वतःचा तापट स्वभाव आणि त्याबद्दल मागितलेली माफी. दीडशे-दोनशे लोक वाचायचे.

लिहिण्याचे त्यांचे काही नेम होते. डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं. चूक झाली तर पान पुसायचं नाही, त्याच पानावर कबूल करायची. आणि दिवठणीवर कुणाचाही कडवट शब्द येऊ द्यायचा नाही. वाचकांच्या प्रतिक्रिया त्या आधी स्वतः वाचत, मगच खाली छापत. रागाने लिहिलेली प्रतिक्रिया त्या बाजूला ठेवून देत.

प्रत्येक लेखाच्या तळाशी प्रार्थनेची यादी असे. लोक फोनवर नाव, गाव आणि दुखणं कळवत, सुप्रियाबाई ते यादीत टाकत आणि रोज सकाळी एकेक नाव घेऊन प्रार्थना करत. नुसतं नाव. देवापुढे कोण राव, कोण बाई, कोण साहेब? म्हणून मानाच्या उपाध्या गाळून ‘श्रेया, मुक्काम पणदरे’ असं लिहायचं. पुढे दुखणं. संडासात लपून टोचून घेते, हेसुद्धा प्रगतीने कळवलं होतं आणि बाईंनी जसंच्या तसं यादीत टाकलं होतं.

म्हणजे ब्रदर जे बोलले ते सगळं दहा दिवसांपासून दिवठणीवर होतं. हे सुप्रियाबाईंच्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं. पण त्यांना वाटलं, ज्याच्याकडे विनंती पाठवली त्यानेच आज उत्तर दिलं. पत्र वाटेत तिसऱ्यानेच उघडून वाचलं असेल, हे चाळीस पोरांच्या कॉप्या एका नजरेत ओळखणाऱ्या या बाईंच्या डोक्यात आलं नाही. आपल्या मनासारखं घडलं की शहाण्या माणसाचाही संशय झोपी जातो, आणि हे त्यांच्याच बाबतीत झालं असं नाही.

शुक्रवारी सकाळी शाळेत जाण्याआधी त्यांनी लेख टाकला. मथळा दिला, ‘श्रेयाची साक्ष’. साक्ष हा त्यांच्या मंडळीतला शब्द. देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, त्याला साक्ष देणं म्हणतात. लेखाचं शेवटचं वाक्य होतं, ‘श्रेया बरी झाली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.’

पाहिलं काय होतं? एक आई रडताना आणि दोन पेनं पेटीत पडताना. रक्त कुणी तपासलं नव्हतं. पण मधल्या सुट्टीपर्यंत तो लेख गावोगावच्या फोनवर फिरत होता आणि शाळा सुटेपर्यंत वाचणारे चाळीस हजारांवर गेले होते. सुप्रियाबाई दर तासाला फोन उघडून आकडा बघत होत्या. खरं सांगायचं तर त्यांना तो आकडा आवडला.

त्या दिवशी आलेल्या शेकडो प्रतिक्रियांत एक डॉक्टर राजवर्धन काळे यांची होती. बारामतीतले लहान मुलांचे डॉक्टर. श्रेयाचे उपचार चार वर्षं त्यांच्याकडेच चालू होते. त्यांनी लिहिलं होतं, ‘बाई, हा शुद्ध मूर्खपणा आहे. या मुलीच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. ते बंद केलं तर आठवड्यात तिचा जीव जाईल. तिच्या घरचे फोन उचलत नाहीत. तुमचं वाचतील. ही प्रतिक्रिया ताबडतोब छापा.’

सुप्रियाबाईंची नजर ‘मूर्खपणा’ या शब्दावर अडकली. कडवट शब्द. चिडलेला माणूस दिसतो, शांत झाला की सौम्यपणे लिहील, असा विचार करून त्यांनी प्रतिक्रिया बाजूला ठेवली.

शनिवारी संध्याकाळी मांडवात दुप्पट माणसं होती. निम्मी ‘श्रेयाची साक्ष’ वाचून आलेली. सुप्रियाबाईंनी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सारजाबाईंना बरोबर आणलं होतं. चुलीपुढे बसून बसून सारजाबाईंचे दोन्ही गुडघे गेले होते आणि मुलाने दोन वर्षं बोलणं टाकलं होतं. त्यांचंही नाव बाईंनी बुधवारी यादीत घातलं होतं.

“नाव येतंय!” ब्रदर डोळे मिटून डुलू लागले. “गुडघे... दोन्ही गुडघे... मुलगा बोलत नाही... दोन वर्षं झाली... सणसर!”

सुप्रियाबाईंनी सारजाबाईंचा हात घट्ट धरला.

“सर्जा!” ब्रदरांनी आरोळी ठोकली. “सणसरचे सर्जा भाऊ! कुठं आहात? उठा, प्रभू हाक मारतोय!”

गर्दीत कुठंतरी खसखस पिकली. सर्जा? मागून कुणीतरी, “बैलाचं नाव ठिवलं व्हय आईबापानं?” असंही म्हणालं. तेवढ्यात डाव्या अंगाने एक दणकट माणूस काठी टेकत उठला. “मी सर्जा! मीच सर्जा!” असं ओरडला, काठी फेकली आणि व्यासपीठापर्यंत पळत सुटला. हसणारे गप्प झाले. पुन्हा टाळ्या.

सारजाबाई मात्र शांतपणे बाईंकडे वळल्या. “बाई, सणसरमदी सर्जा नावाचा योकच हाय. त्यो आबासाहेबांच्या गोठ्यात हाय.”

“नाव जरा चुकलं असेल, मावशी.”

“मानसाचं चुकंल की. पन देव मला बैलाच्या नावानं कशाला हाक मारंल? मी सारजा हाय, हे त्याला म्हाईत न्हाय व्हय? आन मी हितं बसली असताना त्यो गडी माझं गुडघं घिऊन कसा पळाला?”

सुप्रियाबाईंनी फोन उघडला. बुधवारची यादी. त्यांना मराठी इंग्रजी अक्षरांतून लिहायची सवय होती. सारजा लिहायला एस-ए-आर-जे-ए दाबलं की फोन आपल्या मनाने सर्जा करून ठेवतो. बुधवारी घाईत तसंच राहिलं होतं. सातव्या ओळीत ठळक दिसत होतं, ‘सर्जा, मुक्काम सणसर. दोन्ही गुडघे. मुलगा दोन वर्षं बोलत नाही.’ बाई म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं नाही, या त्यांच्याच नेमामुळे सर्जा बाई की बुवा, हेही कळायला मार्ग नव्हता.

आत्म्याला सारजा ठाऊक नव्हती. त्याला बाईंच्या बोटाची चूक ठाऊक होती.

परतताना जीपमध्ये सुप्रियाबाई ती यादी पुन्हा पुन्हा उघडून बघत होत्या. सारजाबाईच मधे म्हणाल्या, “त्या सर्जाचा जोडीदार हाय ना, राजा, त्यो आजारी हाय बगा. खांदा सुजलाय, चार दीस वैरनीला तोंड लावंना. आबासाहेब लई घोरात हायेत.”

घरी आल्या आल्या सुप्रियाबाईंनी प्रगतीला फोन लावला.

“प्रगती, श्रेया कशी आहे?”

“लई छान, बाई! काल जिलबी खाल्ली, चार वर्सांनी. आज जरा पानी लई पितीया. सारखी लघवीला पळती. पन आजार भाईर पडायचाच ना, ब्रदर बोल्लेच होते.”

“प्रगती, ऐक. मला जरा शंका येतेय. तू तिचं इन्सुलिन सुरू कर बघू.”

प्रगती हळूच म्हणाली, “बाई, ह्ये तुमी बोलताय? तुमीच लिवलंय ना डोळ्यांनी बगितलं म्हनून? त्ये हाय की अजून तितं. खोटं असतं तर तुमी ठिवलं असतं का?”

यावर एकच उत्तर होतं. तो लेख त्याच घटकेला खोडून वर लिहायचं, मी चुकले. ते सुप्रियाबाईंना सुचलंही. पण पुरावा हातात नसताना एखाद्याला ठग म्हणणं म्हणजे शेजाऱ्यावर खोटा आळ घेणं, असं लहानपणापासून शिकलेलं मन आडवं आलं. आणि मनाच्या तळाशी दुसरंही काही होतं, ते त्यांनी पुढे स्वतःच लिहिलं. चाळीस हजार माणसांपुढे आपण मूर्ख ठरू, याची त्यांना लाज वाटत होती.

मग त्यांनी पारख करायचं ठरवलं. यादीत खोटं नाव घालणं त्यांच्याच्याने होईना. म्हणून त्यांनी खरंच लिहिलं, ‘राजा, मुक्काम सणसर. खांदा सुजला आहे. चार दिवस अन्नाला तोंड लावलेलं नाही.’ आणि हात जोडून त्या बैलासाठी मनापासून प्रार्थनाही केली. डॉक्टर काळ्यांची प्रतिक्रिया त्याच फोनमध्ये पडून होती. आता ती त्यांनी पुन्हा वाचली. छापली मात्र नाही. उद्या संध्याकाळी खरं काय ते कळेल, मग छापू.

पणदरे बारामतीहून अर्ध्या तासाची वाट. रविवारी सकाळी सुप्रियाबाई तिकडे गेल्या नाहीत. चर्चमध्ये जाऊन बसल्या.

संध्याकाळी पाचला त्या आबासाहेबांना घेऊन मांडवात आल्या. आबासाहेब म्हणजे सणसरचे सत्तरीतले बागायतदार, डोक्याला पांढरी टोपी, आवाज खणखणीत. ट्रॅक्टर आला तरी बैलजोडी न विकलेला माणूस. बाईंनी त्यांना वाटेत सगळं सांगितलं होतं. गेटवर वही पुढे आली तेव्हा आबासाहेबांनी नाव सांगितलं नाही. “मी हुबाच ऱ्हानार हाय,” म्हणाले.

पाऊण तास गाणी झाली. मग ब्रदर डुलायला लागले.

“एक भाऊ आहे... सणसरचा... खांद्यात सूज... वेदना मला माझ्या खांद्यात जाणवते आहे! चार दिवस घास उतरला नाही... राजा! राजा भाऊ, उठा!”

उजवीकडून एक जण खांदा धरून कण्हत उठला. “मी राजा! प्रभू, मीच राजा!”

“तू राजा?” मागून आबासाहेबांचा आवाज कडाडला. “मंग चल की गोठ्यात. दावं मोकळंच हाय.”

सगळ्या माना वळल्या. आबासाहेब ताडपत्र्या तुडवत पुढे आले आणि त्या माणसासमोर उभे राहिले. “सणसरचा ना तू? आमचा सरपंच कोन? मारुतीचं देऊळ कंच्या अंगाला? बोल.”

तो माणूस व्यासपीठाकडे बघायला लागला.

“लोकहो, राजा माजा बैल हाय!” आबासाहेब गर्दीकडे वळले. “खांदा त्याचा सुजलाय. वैरन त्यो खाईना. आन त्याला गुरांच्या डॉक्टरच्या रोज दोन सुया चालू हायेत म्हनून त्यो हुबा तरी हाय. बाईंनी त्याच्यासाटी प्रार्थना केली, चांगलं केलं. पन सुई बंद कर म्हनून कुनी सांगाया आला असता ना, तर चाबूक काढला असता म्या.”

हशाचा असा लोंढा उठला की मांडवाच्या कनाती हलल्या. ब्रदर एझ्रा मुरलेले होते. “हालेलूया!” ते म्हणाले. “प्रभूचं प्रेम मुक्या जिवांवरही आहे!”

सुप्रियाबाई फोन हातात धरून उभ्या राहिल्या. वर्गात लागतो तेवढा आवाज त्यांनी काढला. “गेले चार दिवस या माणसाने घेतलेली सगळी नावं माझ्या ब्लॉगच्या यादीत आहेत. मी वाचून दाखवते, तुम्ही आठवून पाहा. गुरुवार, श्रेया. शनिवार, सर्जा. ती माझ्या टायपिंगची चूक होती, खऱ्या सारजाबाई माझ्या शेजारी बसलेल्या होत्या. आज राजा. यादीतलं जे माणूस गेटवरच्या वहीत सापडतं, त्याला खरोखर उभं करतात. जे सापडत नाही, त्याच्या नावाने यांचा स्वतःचा माणूस उठतो. ब्रदर, कानातलं यंत्र काढा आणि फक्त एक नाव सांगा. या मांडवातल्या कुणाचंही.”

ब्रदरांनी यंत्राला हात लावला नाही. दोघं-तिघं मागच्या कनातीकडे धावले. आत एक बाई खुर्चीत बसली होती. पुढ्यात गेटवरची वही, हातात माईक, मांडीवर उघडा लॅपटॉप, आणि त्यावर दिवठणी. एवढंच होतं ते सगळं. ती वाचत होती आणि ब्रदर बोलत होते. लोक वळून बघतात तोवर ब्रदरांनी गाडीत बसून धूम ठोकली. आठ दिवसांनी दुसऱ्या जिल्ह्यात, अशाच मांडवात, ते सापडले आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली आत गेले. पण ते पुढचं.

माणसं अजून हसत होती. बैलाचा राजा भाऊ झाला, ही गंमत पुढे वर्षभर पुरणार होती. सुप्रियाबाई हसल्या नाहीत. मुक्या जनावराला रोज दोन सुया चालू होत्या, हे आबासाहेबांचं बोलणं त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. त्या प्रगतीला फोन लावत होत्या. पाच वेळा लावला, कुणी उचलला नाही. मग त्यांनी डॉक्टर काळ्यांना लावला आणि आबासाहेबांना म्हणाल्या, “आबा, जीप पणदऱ्याला घ्या.”

पणदऱ्यात प्रगतीच्या पडवीत शेजारच्या बाया बसल्या होत्या. आत श्रेया वाकळेवर पडली होती. डोळे अर्धवट उघडे, ओठ सुकलेले, आणि श्वास खोल खोल, धापा टाकल्यासारखा. सकाळपासून सहा वेळा उलटी झाली होती. प्रगती तिच्या छातीवर हात ठेवून पुटपुटत होती, “भाईर पडतंय, भाईर पडतंय.”

“प्रगती, ते सगळं खोटं होतं. ऊठ, दवाखान्यात चल.”

प्रगतीने वर पाहिलं. दारात कोण उभं आहे ते तिला क्षणभर कळेना. ब्रदरांनी सांगितलं होतं, सुई द्या म्हणायला येईल तो सैतान. ती पोरीला पोटाशी धरून भिंतीकडे सरकली. आबासाहेबांनीच मग काही न बोलता पोर उचलली आणि जीपमध्ये नेऊन ठेवली.

डॉक्टर दवाखान्याच्या दारात उभेच होते. त्यांनी सुप्रियाबाईंना एका शब्दाने बोल लावला नाही. नंतर एवढंच समजावून सांगितलं की आधी टोचलेल्या इन्सुलिनचा अंश अंगात दिवसभर टिकतो, म्हणून शुक्रवारी पोर ठीक दिसली आणि लोकांना तो चमत्कार वाटला. तो अंश संपला तशी साखर रक्तात नुसती साठत गेली, अंग आतून उपाशी पडलं आणि रक्त आंबत गेलं. पाणी पाणी करणं हे पहिलं लक्षण. “शनिवारी आणली असती तर सोमवारी शाळेत गेली असती,” ते म्हणाले. मेंदूला सूज आली होती. मंगळवारी पहाटे श्रेया गेली.

सुप्रियाबाईंनी ‘श्रेयाची साक्ष’ पुसली नाही. नेम होता, चूक त्याच पानावर कबूल करायची. मथळ्याच्या वर त्यांनी लिहिलं:

‘खालचं वाचण्याआधी हे वाचा. श्रेया बरी झाली हे मी पाहिलं नव्हतं. मी गर्दी पाहिली होती. मी खोटी साक्ष दिली आणि एक मूल गेलं. सारजाबाईंचं नाव मी चुकीचं लिहिलं, म्हणून त्या या फसवणुकीतून सुटल्या. श्रेयाचं नाव मी बरोबर लिहिलं होतं.

‘तुमची दुखणी आणि नावं मी चव्हाट्यावर मांडली. यादी आजपासून बंद. मी प्रार्थना करत राहीन, पण आजार मला कळवू नका, डॉक्टरला कळवा. कुणी म्हणालं औषध सोडा, तर त्याला विचारा, रक्त तपासलंस का, कागद कुठे आहे? जो विचारू देत नाही, त्याच्यापासून उठून या. मग तो कुठल्याही देवाचं नाव घेत असो, आणि मी जरी त्याच्या बाजूने लिहिलेलं असलं, तरी.’

त्याखाली त्यांनी डॉक्टर काळ्यांची शुक्रवारची प्रतिक्रिया छापली, ‘मूर्खपणा’ या शब्दासकट, आणि ती कधी आली व कधी छापली त्या दोन्ही तारखा लिहिल्या.

तेराव्यानंतर प्रगती बारामतीला त्यांच्या घरी आली. चहा घेतला नाही. फोन पुढे करून म्हणाली, “ह्यो डॉक्टरांचा निरोप शुक्रवारी आल्याला व्हता?”

“हो.”

“मग तवाच का न्हाय छापला?”

सुप्रियाबाईंनी खरं ते सांगितलं. “त्यात मूर्खपणा असा शब्द होता. मला तो कडवट वाटला.”

प्रगतीने त्या दोन्ही तारखा पुन्हा वाचल्या. मग तिने फोन पदरात गुंडाळला.

“मला त्या शब्दाचा राग न्हाय आला असता, बाई,” ती म्हणाली. “मी शुक्रवारी रातच्याला समदं वाचलं व्हतं, खालच्या प्रतिक्रियासुदिक. श्रेया मांडीवर बसून वाचून दावत व्हती.”